बोअर आणि स्ट्रोक: इंजिन वाढते नेमके कशाने?

सांगली-मिरजेतल्या लेथवर जुन्या गाडीचे इंजिन उघडले, की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘बोअर करून इंजिन वाढवून घेतले.’ खोलात विचारले तर कळते, की झिजलेला सिलिंडर कापून पुढच्या मापाचा पिस्टन बसवला आहे. ही दुरुस्ती झाली. हिला ‘वाढवणे’ म्हणणे मला पटत नाही.

बोअरिंग सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून त्याचा हिशेब थोडक्यात देतो. प्रीमियर पद्मिनीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७५ मि.मी., म्हणून चार सिलिंडर मिळून क्षमता १०८९ सीसी. अर्धा मि.मी. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठा, पिस्टन घातला तर जेमतेम १६ सीसी वाढतात, आणि पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर तो फरक कोणालाही जाणवत नाही. शिवाय प्रत्येक ओव्हरसाइजबरोबर सिलिंडरची भिंत पातळ होत जाते. चांगल्या स्थितीतला ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) केवळ हौसेखातर शेवटच्या मापापर्यंत कापणे हा मला निव्वळ अपव्यय वाटतो, कारण पुढच्या दुरुस्तीला मग लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

स्ट्रोक वाढवणे म्हणजे त्याच घराण्यातल्या मोठ्या इंजिनाचा क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) आणून बसवणे. पद्मिनीचे फियाट घराणे त्यासाठी सोयीचे उदाहरण नाही, कारण तिथे १२२१ सीसीचे इंजिनही ७५ मि.मी. स्ट्रोकचेच असून त्याचा फक्त बोअर ७२ मि.मी. आहे. जुन्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीचे इंजिन मात्र आदर्श आहे. त्या घराण्यातल्या ९९८ आणि १०९८ सीसीच्या दोन्ही इंजिनांचा बोअर ६४.५८ मि.मी.; स्ट्रोक अनुक्रमे ७६.२ आणि ८३.७२ मि.मी. म्हणजे १०९८ सीसीच्या मॉरिस ११०० चा क्रँक ९९८ सीसीच्या मिनीच्या ब्लॉकात बसवला, तर सिलिंडर न कापता सुमारे १०० सीसी मिळतात. हाच मार्ग मला पसंत आहे. क्रँक मात्र गाडीत आडव्या, म्हणजे रुंदीच्या दिशेने, बसणाऱ्या इंजिनाचाच हवा. मॉरिस मायनरचे इंजिन लांबीच्या दिशेने बसते आणि तिच्या क्रँकचे फ्लायव्हीलकडचे टोक वेगळे असते.

खरी फसगत यापुढे आहे आणि ती जाणकारांचीही होते. दोन्ही स्ट्रोकमधला फरक ७.५२ मि.मी. आहे. काहींना वाटते, की पिस्टन तेवढा पूर्ण वर येईल. काहींना वाटते, की वाढीव प्रवास सगळा खालच्या बाजूला होईल आणि म्हणून जुने पिस्टन चालतील. दोन्ही समज चुकीचे आहेत. क्रँकच्या मध्यापासून क्रँकपिनच्या (कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला जोडला जातो त्या पिनच्या) मध्यापर्यंतचे अंतर हे स्ट्रोकच्या निम्मे असते: आधी ३८.१ मि.मी., आता ४१.८६ मि.मी. त्यामुळे पिस्टन वर ३.७६ मि.मी. जास्त जातो आणि खालीही तितकाच जास्त उतरतो. पिस्टन क्रँकला जोडणारा हा रॉड दोन्हींत सारख्याच लांबीचा असल्याने ही वाढ सामावून घेण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे पिस्टनमधले गजन पिनपासून (रॉडला पिस्टन जोडणाऱ्या पिनपासून) माथ्यापर्यंतचे अंतर. १०९८ चा पिस्टन या मापात आखूड असतो. म्हणून क्रँकबरोबर पिस्टनही त्याच इंजिनाचे घ्यावे लागतात. ‘बोअर एकच आहे, मग पिस्टन कशाला बदलायचे?’ असे म्हणून जुने पिस्टन वापरणाऱ्याचा पिस्टन ब्लॉकबाहेर डोकावतो आणि हेडवर, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणावर, आदळतो. अशा वेळी हेड आणि ब्लॉकमध्ये जाड गॅस्केट (पातळ बंद-पट्टी) घालण्याचा सल्ला देणाऱ्यापासून दूरच राहावे.

पिस्टन योग्य घेतले तरी कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) वाढतोच, आणि ही गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात. हेडमधली जागा तीच राहते, पण तिच्यात दाबली जाणारी हवा वाढते. पिस्टन पूर्वीच्याच उंचीवर थांबतो असे धरले, तर ८.३ चा रेशो सुमारे ९.० होतो. मग इग्निशन टायमिंग आणि कार्बोरेटरचे मिश्रण नव्याने लावावे लागते. आरसी बुकातील सीसीची नोंद बदलून घेणे हे वेगळे काम आहे, पण तेही टाळू नये.

पिस्टन आणि हेडमध्ये पुरेशी जागा राहते की नाही हे पाहण्यासाठी हेड कायमचे बसवण्यापूर्वी पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीची चकती ठेवावी, गॅस्केटसह हेड आवळावे, क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा आणि हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मापून पाहावी.