खुलासा : वॉलमार्टमधली 'सेलची बंदूक'

'अमेरिकेत वॉलमार्टमध्ये जा, दुधाच्या कॅनबरोबर सवलतीतली रायफल ट्रॉलीत टाका, बिल भरा आणि घरी या,' असं गेली कित्येक वर्षं फिरतंय. ते खरं नाही.

शिकारीच्या रायफली तिथल्या अनेक शाखांत मिळतात, हंगामाआधी भावही उतरतात. पण त्या कुलूपबंद कपाटात असतात. गिऱ्हाईक ओळखपत्र दाखवून ४४७३ क्रमांकाचा सरकारी अर्ज भरतं. गुन्ह्याची शिक्षा, अमली पदार्थ, घरगुती हिंसाचार, नागरिकत्व असे थेट प्रश्न त्यात असतात आणि खोटं उत्तर देणं हाच गुन्हा. मग एफबीआय या संघीय तपास संस्थेच्या यंत्रणेकडून गिऱ्हाइकाच्या पार्श्वभूमीची पडताळणी होते. ही पद्धत १९९८ पासून आहे. तीन कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही तर कायदा विक्रीला मुभा देतो. वॉलमार्ट मात्र स्पष्ट होकाराशिवाय बंदूक देत नाही. २०१५ मध्ये त्यांनी एआर-१५ धाटणीच्या, म्हणजे लष्करी रायफलीसारख्या दिसणाऱ्या, रायफली विकणं बंद केलं, २०१८ मध्ये वयाची अट २१ केली. सवलत किमतीत मिळते, तपासणीत नाही.

खरी पळवाट वेगळीच आहे : खासगी व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला बंदूक विकली तर अनेक राज्यांत अशी पडताळणी सक्तीची नाही. काळजी करायची तर त्याची करावी.

आणि तिकडच्या आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं : नोकरीच्या एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर शिकारीच्या वैध परवान्यासारखा मोजका अपवाद सोडता बंदूक बाळगणंच संघीय कायद्याने गुन्हा आहे. असले फॉरवर्ड वाचून काउंटरवर जाऊ नका.