एडनच्या बंदरात भगदाड पडलं, तरी ती डिस्ट्रॉयर का बुडाली नाही?

१२ ऑक्टोबर २०००, सकाळचे ११ वाजून १८ मिनिटं. येमेनच्या एडन बंदरात इंधन भरायला थांबलेल्या ‘यूएसएस कोल’ या अमेरिकन डिस्ट्रॉयरच्या, म्हणजे वेगवान युद्धनौकेच्या, डाव्या कुशीला एक छोटी फायबरची बोट येऊन टेकली, बोटीतल्या दोघांनी म्हणे हात वगैरे पण हलवला, आणि पुढच्या क्षणी ती फुटली. जहाजाला पाण्याच्या रेषेवरच साधारण १२ मीटर बाय १८ मीटरचं भगदाड. १७ खलाशी गेले, पस्तीसेक जखमी झाले. स्फोट झाला तिथे आतल्या बाजूला स्वयंपाकघर आणि जेवायची जागा, आणि लोक जेवणाच्या रांगेत उभे, त्यामुळे इतके गेले.

या हल्ल्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक तो घडवणाऱ्या अल कायदा या दहशतवादी संघटनेबद्दल असतं. ते महत्त्वाचं आहेच, पण मला कायम त्याहून साधा प्रश्न पडतो की एवढं भोक पडलेलं ८ हजार टनांपेक्षा जड जहाज तळाशी का नाही गेलं? कारण गेलं तर नाहीच, उलट ते अजूनही अमेरिकन नौदलात ड्युटीवर आहे.

आधी जहाजाबद्दल थोडं. कोल ही आर्ली बर्क क्लासची गाइडेड मिसाइल डिस्ट्रॉयर, मिसिसिपी राज्यातल्या पास्कागूला गावी इंगल्स शिपयार्डमध्ये बांधलेली, ८ जून १९९६ ला नौदलात दाखल. नाव डॅरेल कोल या मरीन सैनिकाचं, जो १९४५ मध्ये जपानच्या इवो जिमा बेटावरच्या लढाईत मारला गेला. लांबी १५४ मीटर, चार गॅस टर्बाइन, मिळून १ लाख हॉर्सपॉवर, वेग ३० नॉटच्या वर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरहून जास्त. डेकमध्ये मिसाइल ठेवायचे ९० उभे कप्पे. आणि सगळ्यात भारी म्हणजे एजिस सिस्टम, म्हणजे चार दिशांना चार सपाट रडार, जे फिरत नाहीत, बीम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवतात आणि एका वेळी शंभराहून जास्त विमानं-मिसाइल यांच्यावर नजर ठेवतात. किंमत जवळपास १ अब्ज डॉलर. या सगळ्याचा त्या सकाळी काडीचाही उपयोग झाला नाही, कारण ते रडार बनवलंय लांबून येणारं विमान आणि मिसाइल पकडायला, आणि बंदरात जहाजाभोवती कचरा न्यायला, दोर बांधायला छोट्या बोटी येतच असतात. ही पण त्यातलीच वाटली. हातात बंदूक असली तरी दोस्त म्हणवणाऱ्या देशाच्या बंदरात प्रत्येक बोटीवर गोळी झाडता येत नाही.

एडनला का थांबले? कोल एकटीच भूमध्य समुद्रातून सुएझमार्गे आखाताकडे चालली होती, सोबत तेलवाहू जहाज नव्हतं, आणि गॅस टर्बाइन म्हणजे तेल पिणारं प्रकरण, टाकी खूप खाली जाऊ द्यायची नाही हा नौदलाचा नियम. एडन तर शेकडो वर्षं जहाजांचा थांबा आहे. आपल्यालाही ते तसं परकं नाही, १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार चक्क मुंबई इलाख्यातून चालायचा, म्हणून तर वासुदेव बळवंत फडक्यांना तिथल्या तुरुंगात ठेवलं आणि १८८३ मध्ये ते तिथेच गेले. आणि एप्रिल २०१५ मध्ये येमेनच्या युद्धात अडकलेल्या लोकांना काढायला आपली माझगाव डॉकमध्ये बांधलेली डिस्ट्रॉयर, आयएनएस मुंबई, याच एडनला गेली होती. ती मात्र धक्क्याला लागलीच नाही, बंदरात लढाई चालू होती म्हणून बाहेरच उभी राहिली आणि छोट्या बोटींतून चारशेवर माणसं जहाजावर चढवली, त्यात निम्म्याहून जास्त परदेशी.

असो. तर स्फोट. अंदाज आहे की बोटीत १८० ते ३२० किलो स्फोटकं होती. पाणी हवेपेक्षा ८०० पट दाट आणि जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पाण्यातून येणारा दणका हवेतल्यापेक्षा फार जोरात बसतो. पण इथे बोट पाण्यावर तरंगत होती, म्हणजे स्फोटाचा बराचसा वायू वरच्या बाजूला हवेत आणि जहाजाच्या आत घुसला. आतलं डेक उचललं जाऊन वरच्या छताला जाऊन भिडलं, तिथली माणसं वाचणं शक्यच नव्हतं. पण जहाजाचा कणा म्हणजे कील, तो शाबूत राहिला, हे नंतर पाणबुड्यांनी खाली जाऊन बघितलं.

हाच मुद्दा मोठा आहे. एवढीच स्फोटकं जहाजाच्या पोटाखाली थोड्या खोलीवर फुटली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. आजचे मोठे टॉर्पेडो मुद्दाम जहाजाला धडकत नाहीत, खाली जाऊन फुटतात. खाली वायूचा प्रचंड फुगा तयार होतो, तो जहाजाचा मधला भाग वर उचलतो, मग फुगा आक्रसतो आणि मधला भाग आधाराविना खाली बसतो, या वर-खाली होण्यात कील मोडते आणि जहाजाचे दोन तुकडे. कोलच्या बाबतीत भोक पडलं, पण पाठ मोडली नाही.

आता भोक. जहाज तरंगतं कारण ते स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं, हे आर्किमिडीजचं आपण शाळेत शिकलोय. आत पाणी शिरलं की तेवढी तरंगायची ताकद गेली. १ घनमीटर समुद्राचं पाणी म्हणजे १ टनापेक्षा थोडं जास्तच, आणि इंजिन रूम म्हणजे असे कित्येक घनमीटर. म्हणून युद्धनौकेच्या पोटात आडव्या पोलादी भिंती असतात, बल्कहेड म्हणतात त्यांना, पाणी एका कप्प्यात शिरलं तर तिथेच अडकावं म्हणून. किती भिंती, किती अंतरावर, याचं रीतसर गणित असतं. अमेरिकन नौदलाचा नियम असा की १०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब युद्धनौकेला लांबीच्या १५ टक्के एवढं भोक कुठेही पडलं तरी ती तरंगली पाहिजे. कोलची लांबी १५४ मीटर, १५ टक्के म्हणजे २३ मीटर. भगदाडाची मोठी बाजू १८ मीटर. म्हणजे ड्रॉइंग बोर्डवर बसलेल्या इंजिनियर लोकांनी जेवढं धरलं होतं त्याच्या आतच हे बसलं, थोडक्यात का होईना. पुढची इंजिन रूम भरली, आजूबाजूच्या जागा भरल्या, जहाज डावीकडे साधारण ४ अंश कललं आणि तिथे थांबलं.

मग संपलं का? नाही ना. भिंती असल्या तरी भिंतींतून पाइप जातात, वायरी जातात, आणि प्रोपेलरचा लांबच्या लांब शाफ्ट जातो. पुढच्या इंजिन रूममधून निघालेला शाफ्ट मागच्या इंजिन रूममधूनच पुढे शेपटीकडे जातो, आणि तो भिंत ओलांडतो तिथे पाणी येऊ नये म्हणून सील असतं. स्फोटाच्या हादऱ्याने ते सील बिघडलं. पहिल्या संध्याकाळपर्यंत पाणी आटोक्यात आलं होतं, पण पुढच्या एका रात्री उरलासुरला जनरेटर बंद पडला, जहाजभर अंधार, पंप बंद, आणि त्या सीलमधून मागच्या इंजिन रूममध्ये पाणी चढायला लागलं. ही रूम गेली असती तर १५ टक्क्यांचं गणितच संपलं असतं.

यात अजून एक भानगड असते. पाणी नुसतं जड असतं म्हणून नाही, ते हलतं म्हणून जास्त धोकादायक. परातीत थोडं पाणी घेऊन चालून बघा, परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात अजून कलते. जहाजाच्या रुंद रूममध्ये अर्धवट पाणी म्हणजे हेच, म्हणून पूर्ण भरलेल्या रूमपेक्षा अर्धी भरलेली रूम कधीकधी जास्त घात करते. नशीब एवढंच की हे सगळं शांत बंदरात चाललं होतं, लाटा नव्हत्या.

कॅप्टन कर्क लिपोल्ड आणि त्यांच्या लोकांनी मग जे केलं ते ऐकून आधी विश्वास बसत नाही. हातात होते ते छोटे पोर्टेबल पंप, आणि त्यांच्यात पाणी तळापासून वरच्या डेकपर्यंत चढवायची ताकद नव्हती. मग त्यांनी जहाजाच्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, स्वतःच अजून एक भोक कापलं! म्हणजे नळी तिथूनच बाहेर काढता येईल आणि पंपाला कमी उंची चढवावी लागेल. आधीच एवढं भगदाड असलेल्या जहाजाला अजून एक भोक पाडायचा निर्णय घ्यायला काय लागत असेल, पण फिजिक्स बरोबर होतं. आणि तोवर? तोवर बादल्या. माणसांची साखळी करून रात्रभर बादल्यांनी पाणी उपसलं, न झोपलेल्या, मित्र गमावलेल्या विशी-बाविशीतल्या पोरापोरींनी. पाणी थांबलं.

नंतर चौकशा झाल्या, सुरक्षेचे काही ठरलेले उपाय केले नव्हते असं निघालं, पण नौदलाने कुणाला शिक्षा केली नाही. लिपोल्ड यांचं प्रमोशन मात्र पुढे अडकलं ते अडकलंच. माझ्या मते जहाज वाचवल्याचं श्रेय त्या माणसाला पुरेसं मिळालं नाही, पण यावर अमेरिकेतच दोन गट आहेत. अजून एक गोष्ट नंतर कळली ती अशी की त्याच वर्षी जानेवारीत याच बंदरात ‘द सलिव्हन्स’ नावाच्या दुसऱ्या डिस्ट्रॉयरवर हाच प्रयत्न झाला होता, पण स्फोटकं इतकी भरली होती की बोटच बुडाली. आर्किमिडीज त्यांनाही लागू होता.

आता असं जहाज घरी न्यायचं कसं? समुद्रातून ओढत नेणं म्हणजे जुगार. मग ब्लू मार्लिन नावाचं नॉर्वेच्या कंपनीचं अजब जहाज भाड्याने घेतलं. हे जहाज स्वतःच्या टाक्यांत पाणी भरून घेतं आणि मुद्दाम अर्धं बुडतं, त्याचं लांबरुंद सपाट डेक पाण्याखाली जातं, त्यावर दुसरं जहाज तरंगत आणून नेमक्या ठिकाणी धरायचं, मग टाक्या रिकाम्या करायच्या की हे वर येतं आणि पाहुणा पाठीवर. ऐकायला सोपं आहे, पण कोलच्या नाकाखाली सोनारचा (आवाजाने पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राचा) मोठा घुमट आणि मागे प्रोपेलर, कुठेही चुकीचा भार पडला तर उरलेलं जहाजही वाकायचं, म्हणून खाली आधाराचे ठोकळे मोजून मापून लावले. आणि सुएझमधून नाही, आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, डिसेंबरमध्ये पास्कागूला, जिथे ती जन्मली त्याच यार्डात. तिथे जवळपास ५५० टन पोलाद बदललं, खर्च साधारण २५ कोटी डॉलर, आणि एप्रिल २००२ मध्ये ती परत नौदलात. आत ज्या वाटेवर लोक जेवणाच्या रांगेत उभे होते तिथल्या जमिनीत १७ तारे बसवलेत.

पुढची सर्व्हिस बघितली तर कोल परत परत त्याच भागात दिसते. २००८ मध्ये लेबनॉनच्या किनाऱ्याजवळ. जानेवारी २०१७ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी एका सौदी युद्धनौकेवर स्फोटकांची बोट आदळवली, आणि लगेच फेब्रुवारीत येमेनजवळच्या बाब अल मंदेब सामुद्रधुनीत गस्त घालायला पाठवली ती कोललाच. मग १ ऑक्टोबर २०२४, इराणने इस्रायलवर बॅलिस्टिक मिसाइलचा मारा केला तेव्हा पूर्व भूमध्य समुद्रातून कोल आणि बल्कली या दोन डिस्ट्रॉयरनी मिळून डझनभर इंटरसेप्टर, म्हणजे येणारी मिसाइल हवेतच पाडणारी मिसाइल, सोडले. ज्या कामासाठी ते महागडं रडार लावलं होतं ते काम.

छोट्या बोटीचं उत्तर मात्र अजून पूर्ण सापडलंय असं वाटत नाही. एडननंतर बंदरातल्या पहाऱ्याचे नियम बदलले, डेकवर जवळून मारा करणाऱ्या मशीनगन आणि छोट्या तोफा वाढल्या. पण काळ्या समुद्रात युक्रेनने माणूस नसलेल्या बोटींनी रशियाची जहाजं बुडवली ती बघा, फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘त्सेझार कुनिकोव’ नावाचं मोठं लँडिंग जहाज, म्हणजे सैन्य किनाऱ्यावर उतरवणारं जहाज, गेलं. ते एक बोट पाठवत नाहीत, झुंडीने पाठवतात, आणि पहिलीने भोक पाडलं की दुसरी तिथेच घुसवायचा प्रयत्न करतात. १५ टक्क्यांचा नियम एका भोकासाठी लिहिलेला आहे. कोलला एकच बोट लागली होती.