माडीवरून वेदीशेजारी: गायनमंडळाच्या शिस्तीची पार्श्वभूमी

वसई पट्ट्यातल्या जुन्या चर्चमध्ये मुख्य दाराच्या वर माडी असते. गायक तिथे बसत. खाली भाविकांची पाठ त्यांच्याकडे असे, त्यामुळे कोण उशिरा आलं, कोण कुजबुजलं, हे कुणाला दिसत नसे. आता बऱ्याच ठिकाणी गायनमंडळ खाली, वेदीच्या जवळ बसतं. नव्या सभासदाला वागणुकीचे जे नियम सांगतात, ते मात्र त्या माडीहून कितीतरी जुने आहेत.

चौथ्या शतकात लावदिकीया (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) इथल्या धर्मसभेने नेमलेल्या गायकांनीच पुस्तकातून गावं, असं ठरवलं. गाणं ही हौस नव्हे, नेमणूक झाली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांच्या नियमावलीत मन आणि आवाज जुळलेले असावेत, असं लिहिलं. त्याचा उशिराबद्दलचा नियम तर आजही वाचण्यासारखा आहे. रात्रीच्या प्रार्थनेतलं ९४वं स्तोत्र (आजच्या मराठी बायबलात ९५वं) मुद्दाम संथ म्हणायचं, म्हणजे मागे राहिलेल्यांना पोहोचायला वेळ मिळतो. त्यानंतर जो येईल त्याने आपल्या जागी न जाता सर्वांच्या शेवटी उभं राहायचं. गाताना चुकलं तर तिथल्या तिथे नम्रपणे कबूल करायचं.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि या किनाऱ्यावर लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला, तरी वेदीवरची भाषा लॅटिनच राहिली. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी गायकांचं काम ही उपासनेतली सेवा आहे, म्हणून ते सदाचारी आणि वागण्यात शालीन असावेत, असं सांगितलं. त्याच आदेशात स्त्रियांना गायनमंडळाबाहेर ठेवलं होतं. यातला पहिला भाग टिकला, दुसरा टिकला नाही, आणि ते योग्यच झालं.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट दिली. १९६७ च्या संगीतविषयक सूचनेने गायनमंडळ हा भाविकांचाच एक भाग आहे हे दिसेल, आणि सभासदांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) सहज घेता येईल, अशी जागा द्यायला सांगितली. पेटी, तबला आणि मराठी गीतं खाली आली, तशी गायकांची प्रत्येक हालचालही नजरेत आली.

म्हणून आजचे नियम असे बारीक आहेत. कोकणच्या पावसाळी हवेत तबल्याची पुडी सैल पडते, स्वर उतरतो. मग प्रवचन चालू असताना हातोडीची टकटक सुरू होते आणि वेदीकडचं लक्ष तुटतं. तबला मिस्सेच्या अर्धा तास आधी लावावा, कापडात गुंडाळून ठेवावा. पट्टी मुख्य गायकाच्या सोयीची नको. बाकावरच्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज वरच्या सुरात फाटला की तो गप्प होतो, आणि भाविकांनी ध्रुपद म्हणून साथ द्यायचं प्रतिसाद स्तोत्र गायनमंडळाचं एकट्याचं उरतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आलेलुया हा जयघोष वगळायचा, वाद्यं फक्त आवाजाला आधार देण्यापुरती. पुढच्या गीताचं पान वाचन सुरू होण्याआधीच काढून ठेवायचं, कारण शांततेत उलटणारी पानं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातात. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी दोघांनी गीत चालू ठेवायचं, बाकीच्यांनी रांगेत जायचं, आणि ते परतले की या दोघांनी.