गेम अँड वॉचचे मॉडेल नंबर

गेम अँड वॉच म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८० ते १९९१ या काळात काढलेले खिशात मावणारे एलसीडी गेम, एका यंत्रात एकच गेम आणि जोडीला घड्याळ. गुनपेई योकोई या डिझायनरची ही कल्पना, ट्रेनमध्ये एक माणूस कंटाळा घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यावरून हे सुचलं असं सांगतात. विकायला आलेले गेम एकूण ५९, बक्षीस म्हणून वाटलेला एक धरला तर ६०, आणि या प्रत्येकाला स्वतःचा मॉडेल नंबर आहे. दोन इंग्रजी अक्षरं, मधे आडवी रेघ आणि पुढे आकडा, एवढंच. पण जुने गेम जमवणारे लोक नावाआधी हा नंबर विचारतात आणि ते अगदी बरोबर आहे, कारण नाव फसवतं, नंबर फसवत नाही.

पहिला गेम बॉल, २८ एप्रिल १९८० ला आला, त्याचा नंबर एसी-०१. मग फ्लॅगमॅन एफएल-०२, व्हर्मिन एमटी-०३, फायर आरसी-०४, जज आयपी-०५. ही झाली सिल्व्हर सिरीज. १९८१ मधे गोल्ड सिरीज आली तिने आकडे नव्याने सुरू केले नाहीत, मॅनहोल एमएच-०६ पासून लायन एलएन-०८ पर्यंत तीच गाडी पुढे चालू ठेवली. खरी पद्धत दिसायला लागते ती वाइड स्क्रीनपासून. स्क्रीन मोठा झाला आणि आकडा ०८ वरून थेट २१ वर गेला, पॅराशूट पीआर-२१, ऑक्टोपस ओसी-२२, असं करत स्नूपी टेनिस एसपी-३० पर्यंत. मधले ०९ ते २० रिकामेच. म्हणजे आकडा नुसता मोजणीचा नाही, यंत्राचा साचा कोणता तेही तोच सांगतो.

पुढे हेच चालू राहिलं. पुस्तकासारखे उघडणारे दोन स्क्रीनचे मल्टी स्क्रीन ५१ ते ६५, त्यातला डीके-५२ म्हणजे १९८२ चा डाँकी काँग, अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण पहिल्यांदा याच्यावर आलं त्यामुळे हा नंबर बऱ्याच जणांना तोंडपाठ असतो. टेबलटॉप ७१ ते ७४, पॅनोरमा ९१ ते ९६, न्यू वाइड स्क्रीन १०१ ते १०८, सुपर कलरचे दोनच २०१ आणि २०२, दोघांनी समोरासमोर खेळायचे मायक्रो व्हीएस ३०१ ते ३०३, आरपार दिसणाऱ्या काचेचे क्रिस्टल स्क्रीन ८०१ ते ८०३. एक आकडा एकाच मॉडेलला, त्यामुळे नुसतं बावन्न म्हटलं तरी जाणकाराला कळतं.

फक्त यावरून कोणता आधी आला कोणता नंतर हे ठरवायला जाऊ नका, नवीन माणूस इथेच हमखास चुकतो. डाँकी काँग ज्युनियरचा डीजे-१०१ ऑक्टोबर १९८२ मधे आला आणि मिकी अँड डोनाल्डचा डीएम-५३ त्यानंतर नोव्हेंबरात. ७१ ने सुरू होणारे टेबलटॉप तर १९८३ चे. सगळ्यात जास्त गोंधळ सुपर मारियो ब्रदर्सचा, वायएम-८०१ हा १९८६ चा क्रिस्टल स्क्रीन, वायएम-९०१ हा १९८७ चा आणि साधा न्यू वाइड स्क्रीन वायएम-१०५ सगळ्यात शेवटी १९८८ मधे. क्रम आहे तो त्या त्या सिरीजच्या आतला.

आता अक्षरं. झेडएल-६५ म्हणजे झेल्डा, बीएफ-१०७ म्हणजे बलून फाइट, हे लगेच लागतं. डाँकी काँग २ चा जेआर-५५ पण, कारण त्यात आपण ज्युनियर होऊन खेळतो. सगळ्यांचा अर्थ असा सरळ लागत नाही, पण अक्षरांचं काम वेगळंच आहे आणि मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते. तोच गेम दुसऱ्या साच्यात गेला तर अक्षरं तशीच राहतात, वरचा वायएम बघा, किंवा क्लायंबर, डीआर-८०२ आणि डीआर-१०६. पॉपायचा टेबलटॉप पीजी-७४ आणि पॅनोरमा पीजी-९२, पण वाइड स्क्रीनचा पॉपाय पीपी-२३, कारण नाव एक असलं तरी तो गेमच वेगळा आहे. डाँकी काँग ज्युनियरचंही तसंच, सीजे-७१ आणि सीजे-९३ एका घरचे, डीजे-१०१ वेगळा. उलट एमसी-२५ मिकी माउस आणि ईजी-२६ एग खेळायला अगदी सारखे, चारी बाजूंनी घरंगळत येणारी अंडी टोपलीत झेलायची, पण एकात मिकी आणि दुसऱ्यात लांडगा म्हणून अक्षरं बदलली. फायर मात्र नव्याने काढून मोठ्या स्क्रीनवर आणला तेव्हा आरसी-०४ चा एफआर-२७ झाला आणि मॅनहोल एमएच-०६ चा एनएच-१०३, त्यामुळे अक्षरं चित्रांनाही चिकटलेली आहेत असं म्हणायला हरकत नाही.

याच एगची नक्कल सोव्हिएत रशियात इलेक्ट्रॉनिका आयएम-०२ नावाने निघाली आणि तिकडे प्रचंड गाजली. तिथली पद्धत वेगळी, आयएम म्हणजे मायक्रोप्रोसेसरवाला खेळ एवढाच अर्थ, ऑक्टोपसची नक्कलही आयएम-०३. आपल्याकडे नव्वदीत घरोघर दिसलेल्या ब्रिक गेमवरचा ९९९९ इन १ हा आकडा तर मॉडेलचा नव्हताच, आत किती गेम आहेत त्याची ती जाहिरात होती.

वायएम-९०१ बद्दल थोडं थांबून सांगायला हवं कारण तो दुकानात कधी आलाच नाही. निन्टेन्डोच्या कार रेसिंग गेमच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून फक्त १०,००० नग दिले, पिवळ्या डिस्कच्या आकाराच्या डबीत घालून. आत वायएम-८०१ वालाच गेम, पण ९०० चा आकडा दुसऱ्या कुणालाच मिळाला नाही.

शेवटचा नंबर एमबी-१०८, १९९१ चा मारियो द जगलर. खेळ तोच, एसी-०१ मधला चेंडू झेलण्याचा, फक्त आता झेलणारा मारियो. तोपर्यंत कंपनीचा गेम बॉय येऊन दोन वर्षं झाली होती, त्याच्यावरही डीएमजी-०१ असाच अक्षरं आणि आकड्यांचा नंबर होता, डीएमजी म्हणजे डॉट मॅट्रिक्स गेम. फरक एवढाच की त्यात कार्ट्रिज बदलता येत असल्यामुळे आता अक्षरं गेमची नाही तर यंत्राची झाली.