मत्स्यतळ्यातील माती नमुना

मासे वाढवण्याच्या तळ्याच्या बुडाची माती तपासणीसाठी काढण्याची पद्धत. शेतातल्या माती नमुन्याशी तिची हमखास गल्लत होते. सोलापूर जिल्ह्यात ऊस-डाळिंबासाठी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेऊन वीतभर खोलीपर्यंतची माती काढण्याची सवय असते. तळ्यात मात्र पाण्याशी देवाणघेवाण करतो तो मुख्यतः वरचा ५ सेंमी थर. उरलेले खाद्य, विष्ठा, मेलेले शेवाळ तिथेच साचते. खोल खणले की हा थर खालच्या मातीत मिसळतो आणि सेंद्रिय कर्ब (कुजणाऱ्या पदार्थांतला कार्बन) असतो त्याहून कमी दिसतो.

नमुना मासे काढल्यावर, पण शेण-चुना टाकण्याआधी घेतात. तळ्यातून नागमोडी चालत १० ते १२ ठिकाणची माती घ्यावी. बांधाचा उतार, पाणी येण्याचे तोंड आणि खाद्य टाकण्याची जागा टाळावी. पाणी असल्यास सुमारे ५ सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाइप गाळात उभा रोवून वरचे तोंड बुचाने घट्ट बंद करतात आणि सावकाश वर ओढतात. बूच सैल असेल तर गाळ निसटतो. दट्ट्याने तो खालून वर सरकवला की थर दिसतात: वर तपकिरी साय, खाली काळपट गाळ. काळेपणा पार वरपर्यंत आला असेल आणि सडक्या अंड्यांचा वास येत असेल, तर तळाशी प्राणवायू उरलेला नाही हे प्रयोगशाळेआधीच कळते.

उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा भुगा त्यांत घरंगळतो, म्हणून भेगेतली नव्हे तर दोन भेगांमधल्या ढेपेच्या माथ्याची माती घ्यावी. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात कालवून सावलीत वाळवतात, कुटून २ मिमी चाळणीतून काढतात. मग ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवतात.

सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) साधारण ७ ते ८ आणि सेंद्रिय कर्ब १ ते ३ टक्के असलेले बूड चांगले मानतात. इथली काळी माती बहुधा चुनखडीयुक्त. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच फसफसते. अशा तळ्यात आम्लता घालवण्यासाठी चुना ओतणे म्हणजे पैसे पाण्यात.

नवे तळे खोदायचे असेल तर नियोजित बुडाच्याही खालपर्यंत प्रत्येक थराचा नमुना वेगळा लागतो, कारण काळ्या मातीखाली मुरूम लागला की पाणी झिरपते. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात तपासायचा तो फक्त साठलेला गाळ. तो मग्याने अलगद भरून घ्यावा. पाइप रोवला तर कागदच फाटतो.