प्रारंभिक साक्षरता अनुदान (कॅलिफोर्निया)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने वाचनात सर्वांत मागे पडलेल्या ७५ प्राथमिक शाळांसाठी मंजूर केलेले खास अनुदान. 'अर्ली लिटरसी सपोर्ट ब्लॉक ग्रँट' हे त्याचे अधिकृत नाव. एकूण रक्कम ५ कोटी डॉलर. मुदत एक वर्ष नियोजनाची आणि पुढची तीन वर्षे अंमलबजावणीची. लाभार्थी बालवाडी (किंडरगार्टन) ते तिसरीची मुले. आपल्या शाळेतली मुले का वाचू शकत नाहीत, याचा शोध शाळेने आधी घ्यायचा, त्यावरून तीन वर्षांची साक्षरता-योजना लिहायची आणि मग त्या योजनेनुसार खर्च करायचा, अशी त्याची अट होती. राज्याने हे अनुदान आपणहून दिले नाही. शाळकरी मुलांनी, पालकांनी आणि शिक्षकांनी राज्यावर भरलेल्या दाव्यातून ते निघाले.

अमेरिकेतल्या 'स्कूल डिस्ट्रिक्ट' या शब्दाने मराठी वाचकाची फसगत होऊ शकते. हा आपला महसुली जिल्हा नव्हे. एका किंवा अनेक गावांतल्या, कधी एका मोठ्या शहरातल्या सरकारी शाळा चालवणारी ती वेगळी स्थानिक संस्था असते. बहुतेक ठिकाणी तिचे मंडळ मतदार निवडून देतात. शिक्षक नेमणे, पाठ्यक्रम निवडणे, अंदाजपत्रक करणे हे तिचे काम. एकट्या कॅलिफोर्नियात अशा हजाराच्या आसपास संस्था आहेत. लॉस एंजेलिसची संस्था देशात दुसऱ्या क्रमांकाची मोठी, तर डोंगराळ भागातल्या काही संस्थांकडे एकच शाळा. जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, त्याला बराचसा कारभार स्वतःच्या हातात दिलेला, अशी कल्पना केली तर चित्र जवळपास जुळते. या स्वायत्ततेमुळेच वरचे सरकार 'असे शिकवा' असा हुकूम सहसा काढत नाही. ते पैसे देऊ करते आणि पैशाबरोबर अट घालते. तिकडच्या शिक्षणातील बहुतेक सुधारणा अशा अनुदानाच्या वाटेने शाळेत शिरतात.

पूर्वपीठिका

वाचनासाठी अनुदान ही कल्पना नवी नव्हती. गरीब वस्तीतल्या शाळांना केंद्राचा पैसा देणारा कायदा लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत १९६५ साली झाला, पण तो पैसा सर्वसाधारण होता. केवळ वाचनासाठी मोठी रक्कम आली ती २००२ नंतर, 'रीडिंग फर्स्ट' या कार्यक्रमातून. वर्षाला सुमारे १०० कोटी डॉलर, तेही पहिली काही वर्षे सलग. तज्ज्ञांच्या राष्ट्रीय समितीने २००० साली वाचनाची पाच अंगे सांगितली होती: शब्दातले सुटे ध्वनी ओळखणे, ध्वनी आणि अक्षर यांची जोडी लावणे, ओघाने वाचणे, शब्दसंग्रह आणि आकलन. या पाचांवर बेतलेली योजना करणाऱ्यालाच पैसा मिळत असे.

तिथे पहिली ठेच लागली. कोणते पाठ्यसाहित्य मान्य होते आणि कोणते नाही, यात हितसंबंध शिरल्याचे ताशेरे शिक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांनी २००६ मध्ये ओढले. २००८ च्या अधिकृत मूल्यमापनात वर्गात ध्वनी-अक्षरांना अधिक वेळ मिळाल्याचे दिसले, आकलनात मात्र ठोस फरक आढळला नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आधी निधी कापला, मग बंद केला. योजना वरून ठरलेली होती आणि शाळेने ती आपली मानली नव्हती, हे या अपयशाचे मोठे कारण असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दुसरी ठेच याच्या उलट दिशेची. पुढे केंद्राने राज्यांना साक्षरतेचा सर्वंकष आराखडा करण्यास उत्तेजन दिले. कॅलिफोर्नियाच्या तज्ज्ञांनी मुलांच्या वाचनाकडे तातडीने लक्ष देण्याची निकड सांगणारा आणि उपायही सुचवणारा अहवाल २०१२ साली तयार केला. त्यामागे पैसा उभा राहिला नाही आणि तो अहवाल कागदावर राहिला. पाच वर्षांनी मात्र त्याला अनपेक्षित ठिकाणी वाचक मिळाला: न्यायालयात.

एला टी. विरुद्ध कॅलिफोर्निया राज्य

हा दावा डिसेंबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिस येथील न्यायालयात दाखल झाला. 'पब्लिक कौन्सेल' ही जनहितार्थ वकिली करणारी संस्था आणि 'मॉरिसन अँड फोर्स्टर' ही वकिलांची पेढी वादींच्या बाजूने उभी होती. वादी होते तीन शाळांतले विद्यार्थी व शिक्षक, शिवाय पालकांच्या व वस्तीपातळीवरच्या संघटना. एक शाळा लॉस एंजेलिसची, एक स्टॉक्टनची, एक इंगलवुडची. दाव्याला नाव मिळाले ते एका लहान मुलीचे. तिची ओळख झाकलेली राहावी म्हणून आडनावाचे केवळ आद्याक्षर.

लॉस एंजेलिसमधील ला साल अॅव्हेन्यू या शाळेत आदल्या वर्षी परीक्षा दिलेल्या १७९ मुलांपैकी राज्याच्या निकषाप्रमाणे वाचता-लिहिता येणारी मुले आठ होती. दाव्यातला हाच आकडा वर्तमानपत्रांनी उचलला. वादींच्या वकिलांचा युक्तिवाद साधा होता. मूल शाळेत येते, वर्गात बसते, हजेरी लागते आणि तरीही त्याला वाचता येत नाही; तर राज्याने त्याला शिक्षण दिले असे म्हणता येईल का? आणि काय करायला हवे हे राज्याला ठाऊक नव्हते असेही नाही, कारण २०१२ चा अहवाल त्याच्याच दप्तरात होता.

दावा राज्याच्या न्यायालयात का, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही आणि शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये म्हटले होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७१ मध्येच शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले होते आणि १९७६ मध्ये, आपल्या राज्याच्या संविधानाच्या आधारे, ते कायम ठेवले. मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या मुलांनी २०१६ साली केंद्रीय न्यायालयाची वाट धरली तेव्हा ती किती खडतर आहे हे दिसले. जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला, अपील न्यायालयाच्या पीठाने एप्रिल २०२० मध्ये साक्षरतेचा हक्क मान्य केला, आणि महिन्याभरातच पूर्णपीठाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणी ठरवली. त्याआधीच तडजोड झाली होती. तिच्यात कबूल केलेली ९ कोटी ४४ लाख डॉलरची रक्कम विधिमंडळाकडून मंजूर व्हायला २०२३ उजाडले. भारतात शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ पासून आहे, पण तोही मुख्यतः शाळेत प्रवेशाची, खोल्यांची आणि शिक्षकसंख्येची हमी देतो. मुलाला वाचता आलेच पाहिजे, हा हक्क म्हणून मांडण्याचे काम या दोन दाव्यांनी केले, म्हणून त्यांची नोंद महत्त्वाची.

कॅलिफोर्नियात तडजोड २० फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर झाली. एकूण ५ कोटी ३० लाख डॉलर: ५ कोटी शाळांना आणि ३० लाख त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या तज्ज्ञ संस्थेला. मार्गदर्शनाचे हे काम सॅक्रामेंटो काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्या महसुली जिल्ह्यासारखा विभाग) शिक्षण कार्यालयाकडे गेले. तीन आठवड्यांत करोनाने शाळांना कुलपे लागली, तरी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकाबरोबरच्या शिक्षणविषयक कायद्यात हे अनुदान आले.

योजना कशी घडे

शाळांची निवड अर्जांतून झाली नाही. तिसरीच्या भाषा-परीक्षेत राज्यात तळाला असलेल्या शाळांची यादी काढली गेली. ज्या शाळेला अर्ज लिहायलाही माणूस नसतो, ती स्पर्धेच्या अनुदानात नेहमी मागे राहते. इथे ती अडचण मुळातच टळली.

२०२०-२१ हे वर्ष नियोजनाचे. शाळेने स्वतःची पडताळणी करायची: कोणत्या इयत्तेत मुले अडतात, चाचण्या कोणत्या घेतल्या जातात, ध्वनी-अक्षरांचे पद्धतशीर शिक्षण होते की चित्र पाहून शब्दाचा अंदाज बांधायला शिकवले जाते, गैरहजेरीचे कारण काय, घरी कोणती भाषा बोलली जाते. कॅलिफोर्नियात यातला शेवटचा प्रश्न फार मोठा आहे, कारण अशा शाळांत घरी स्पॅनिश बोलणारी मुले पुष्कळ असतात. पालकांना आणि शिक्षकांना बोलावून ही कारणे तपासायची आणि मग योजना. मंजूर खर्चाचे चार गट होते. शिक्षकांना वर्गात सोबत करणारे साक्षरता-मार्गदर्शक (लिटरसी कोच) व मदतनीस. पाठ्यसाहित्य, निदान-चाचण्या आणि प्रशिक्षण. शाळा सुटल्यानंतरचे किंवा सुट्टीतले वर्ग. आणि कुटुंबांसाठीचे साहाय्य, ज्यात मानसिक आरोग्याची मदतही येते. या चौकटीत राहून प्रमाण शाळेने ठरवायचे. बहुतेक ठिकाणी मोठा वाटा माणसांवर, विशेषतः मार्गदर्शकांवर गेला.

ध्वनी-अक्षरांवर इतका जोर का, हे देवनागरीत वाचायला शिकलेल्याला चटकन उमगत नाही. आपला 'क' कुठेही 'क'च. बाराखडी आली की निम्मी लढाई संपते. उरतात जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ आणि च-ज यांचे दोन उच्चार. इंग्रजीत 'सी' हे अक्षर कधी 'क' होते, कधी 'स'. 'टफ' (tough) आणि 'दो' (though) या शब्दांची शेपटे सारखीच लिहिली जातात. ही गुंतागुंत कुणी सोडवून दिली नाही तर मूल पहिलीत शब्दाचा अंदाज बांधते, आणि तिसरीत पान भरून मजकूर समोर आला की तो अंदाज पुरत नाही.

परिणाम

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सारा नोव्हिकॉफ आणि थॉमस डी यांनी २०२३ मध्ये पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यादीत थोडक्यात आलेल्या आणि थोडक्यात सुटलेल्या शाळांची त्यांनी तुलना केली. तिसरीच्या भाषेच्या गुणांत प्रमाण विचलनाच्या ०.१४ पट वाढ आढळली. सोप्या भाषेत, साधारण पाव वर्षाचे अधिकचे शिकणे. गणितातही थोडी कमी, पण वाढ झाली, कारण शाब्दिक उदाहरण सोडवण्याआधी ते वाचता यावे लागते. खर्च दर मुलामागे वर्षाला हजार डॉलरहून थोडा अधिक. शाळांचा सरसकट निधी वाढवण्याच्या तुलनेत हा पैसा कितीतरी अधिक फळला.

आकडा लहान दिसतो. पण या राज्यातल्या सर्वांत तळाच्या शाळा होत्या आणि करोनाची वर्षे होती, हे लक्षात घेतले की तो लहान उरत नाही. 'रीडिंग फर्स्ट'ला याच्या कितीतरी पट पैसा मिळाला होता. फरक पैशात कमी आणि क्रमात जास्त होता: आधी कारण, मग योजना, मग खर्च, आणि सोबत सल्ला देणारी माणसे.

कॅलिफोर्नियाने २०२२ आणि २०२३ च्या अंदाजपत्रकांत साक्षरता-मार्गदर्शकांसाठी प्रत्येकी २५ कोटी डॉलर ठेवले. २०२५-२६ पासून बालवाडी ते दुसरीच्या मुलांची वाचन-अडचणींसाठी तपासणी सक्तीची झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संशोधनाधारित वाचन-शिक्षणाला बळ देणारा कायदा झाला. मूळ ७५ शाळांसाठीची तीन वर्षे २०२४ च्या उन्हाळ्यात संपली. २०२०-२१ मध्ये ज्या मुलांची बालवाडी करोनात पडद्यासमोर सुरू झाली होती, ती पहिली, दुसरी आणि तिसरी ही तिन्ही वर्षे या अनुदानाखाली शिकलेली पहिली तुकडी. तिची तिसरीची परीक्षा २०२४ च्या वसंतात झाली. ती स्टॅनफर्डच्या त्या अभ्यासानंतरची आहे.