शेश की बूत्स? हिब्रू बायबलचा काळ भाषेवरून कसा शोधतात

मोशेच्या निवासमंडपातल्या, म्हणजे तंबूवजा पूजास्थानातल्या पडद्याचे वर्णन हिब्रू बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात (२६:३१, म्हणजे अध्याय २६, ओवी ३१) आहे: निळे सूत, जांभळे सूत, किरमिजी सूत आणि तलम लिनन. शलमोनाच्या मंदिरातला पडदा ‘इतिहास’ या पुस्तकात (२ इतिहास ३:१४) येतो. वस्तू त्याच, क्रमही तोच. पण मूळ हिब्रूत निर्गमचा लेखक लिननला ‘शेश’ म्हणतो आणि इतिहासाचा लेखक ‘बूत्स’. किरमिजी रंगाचेही तसेच: तिकडे ‘तोलाअत शानी’, इकडे ‘कार्मील’.

हिब्रू बायबल, म्हणजे ख्रिस्ती वाचक ज्याला जुना करार म्हणतात तो ग्रंथसंग्रह, सुमारे तीन लाख शब्दांचा आहे आणि अनेक शतकांत लिहिला गेला. बहुतेक पुस्तकांवर लेखनकाळ नोंदलेला नाही. तो काढण्याचा एक मार्ग अशा जोड्यांतून जातो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील आवी हुर्विट्झ यांनी या कामाला शिस्त लावली. त्यांच्या कसोट्या समजून घेतल्या, की या शास्त्राचे बळ कळते आणि मर्यादाही.

आधी पक्के खुंट हवेत. इतिहासाच्या पुस्तकाच्या अखेरीस इराणी सम्राट कोरेशाचा (सायरसचा) हुकूम आहे, म्हणजे हे पुस्तक इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल (बॅबिलोन) इराण्यांच्या हाती गेल्यानंतरचेच. एस्तेर, एज्रा, नहेम्या यांतही इराणी दरबार आहे. यहेज्केल तर स्वतःच तारखा देतो, त्या इ.स.पू. ५९३ ते ५७१ च्या दरम्यान पडतात. या खुंटांवरून उत्तरकालीन हिब्रू कशी असते, याचा नमुना मिळतो.

पहिली कसोटी वाटपाची: शब्द कोणत्या पुस्तकांत येतो? ‘बूत्स’ संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये आठच वेळा येतो. इतिहासात पाच, एस्तेरमध्ये दोन आणि यहेज्केलमध्ये एक. यहेज्केलमध्ये ‘शेश’ही आहे. ज्याचा काळ आपल्याला ठाऊक आहे असा संधिकालातला लेखक दोन्ही शब्द वापरताना सापडावा, हे फार मोलाचे.

दुसरी कसोटी विरोधाची, आणि माझ्या मते सगळ्यात कळीची. शब्द जुन्या पुस्तकांत नाही एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो वापरण्याचा प्रसंग तिथे आला होता का, हे पाहावे लागते. ‘अखश्दर्पान’ म्हणजे इराणी प्रांताधिकारी. हा शब्द शमुवेलमध्ये नाही, कारण त्या कथेच्या काळात ते पदच नव्हते. पत्राची गोष्ट वेगळी. दावीद राजा आपला सेनापती योआब याला पत्र लिहितो (२ शमुवेल ११:१४), अरामाचा राजा नामानाबरोबर पत्र पाठवतो (२ राजे ५:५). दोन्हीकडे शब्द ‘सेफेर’. नहेम्या, एस्तेर आणि इतिहासात मात्र पत्रासाठी ‘इग्गेरेत’ येतो. प्रसंग होता, जुन्या लेखकाने दुसराच शब्द वापरला. याला विरोध म्हणतात.

तिसरी कसोटी बायबलबाहेरच्या साक्षीची. बायबलच्या प्रती शतकानुशतके नकलून आल्या आहेत, मडक्याच्या खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे मात्र लिहिली त्या दिवशी होती तशीच राहिली. लाखीश या यहूदातल्या प्राचीन शहराच्या जागी १९३५ मध्ये अशी पत्रे सापडली. ती इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीची, यहूदाचे राज्य कोसळण्याच्या सुमाराची आहेत, आणि पत्राला ‘सेफेर’च म्हणतात. इजिप्तमधील एलेफंटाइन बेटावरच्या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या, पपायरसवर लिहिलेल्या अरामी (हिब्रूच्या नात्यातल्या भाषेतल्या) पत्रांत ‘इग्गेरेत’चा भाऊबंद शब्द आहे. इराणी साम्राज्याचा कारभार अरामीतून चालत असे, त्यामुळे शब्द कुठल्या दारातून आत आला हेही दिसते.

चौथी गोष्ट संचयाची. एक उत्तरकालीन शब्द सापडला म्हणून पुस्तक उत्तरकालीन ठरत नाही. अशी अनेक चिन्हे एकाच मजकुरात दाट हवीत.

हे सारे स्वतः पाहायचे असेल तर २ शमुवेल ७ आणि १ इतिहास १७ शेजारी ठेवावेत. प्रसंग एकच, दावीदाला संदेष्टा नाथान याच्यामार्फत मिळालेले देवाचे वचन. शमुवेलमध्ये ‘त्याचे राज्य’ ‘ममलाखा’ या शब्दाने येते, इतिहासात त्या जागी ‘मल्खूत’. मग १ शमुवेल ३१:१२ आणि १ इतिहास १०:१२ पाहा: शौलाचे प्रेत आधी ‘गेविया’, नंतर ‘गूफा’. यासाठी बावीस व्यंजनाक्षरे ओळखता आली तरी पुरे. मराठीतून हिब्रू शिकण्याची सोय जुनी आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मराठीतून हिब्रू व्याकरण छापले होते.

आता चुका कुठे होतात ते. पहिला सापळा वर्णलेखनाचा, म्हणजे स्पेलिंगचा. दावीदाचे नाव शमुवेलमध्ये बहुतेक सर्वत्र तीन अक्षरी आहे. इतिहासात मधे ‘योद’ हे स्वर दाखवणारे अक्षर घालून चार अक्षरी. वाटते, काळ सापडला! पण मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत १९४७ मध्ये सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी उघडली की घाई अंगलट येते. ५४ स्तंभांची, सात मीटरांहून लांब अशी ही गुंडाळी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासची आहे. तिच्यात शब्द भरभरून स्वरदर्शक अक्षरे घालून लिहिले आहेत. ग्रंथ तोच, पण नकलणाऱ्याने आपल्या काळची लेखनपद्धती घातली, कुठे कुठे व्याकरणही बदलले. म्हणून वर्णलेखन लेखकापेक्षा लेखनिकाचा काळ जास्त सांगते. शब्द आणि वाक्यरचना तुलनेने चिवट असतात, पण त्याही अभेद्य नाहीत. यिर्मयाची तर ग्रीक भाषांतरामागची हिब्रू प्रत आजच्या हिब्रू प्रतीपेक्षा बरीच आखूड होती, आणि तशा आखूड प्रतीचे तुकडे कुमरानला मिळाले आहेत. अशा पुस्तकात ‘लेखकाची भाषा’ म्हणजे नेमकी कुठल्या थराची, हे आधी ठरवावे लागते.

दुसरा सापळा बोलीचा. ‘जो, जे’ या अर्थी नेहमीचा शब्द ‘अशेर’. त्याऐवजी ‘शे-’ हा उपसर्ग उपदेशकात वारंवार येतो, आणि उपदेशकाची भाषा उत्तरकालीन आहे. गीतरत्नात तर शीर्षकाची ओळ सोडली तर सगळीकडे ‘शे-’च. पण हाच उपसर्ग शास्ते ५:७ मध्ये, दबोराच्या गीतात आहे, आणि ते गीत अनेक अभ्यासक बायबलमधल्या सर्वांत जुन्या कवितांत धरतात. उलगडा असा मांडतात, की ‘शे-’ उत्तरेकडच्या बोलीत आधीपासून होता आणि पुढे सर्वत्र पसरला.

तिसरा सापळा शैलीचा. उत्पत्ती ३१:४७ मध्ये लाबान दगडांच्या राशीला अरामी नाव देतो आणि याकोब हिब्रू. अरामी दिसली की उत्तरकाळ, हा हिशेब इथे फसतो: लाबान अरामी आहे, म्हणून लेखकाने त्याच्या तोंडी अरामी घातली. परक्या पात्रांची बोली अशी रंगवणे ही जाणीवपूर्वक केलेली कलाकुसर आहे, आणि ती ओळखायला कोशापेक्षा साहित्याची जाण लागते.

२००८ मध्ये इयन यंग, रॉबर्ट रेझेटको आणि मार्टिन एरेन्सव्हेर्ड या अभ्यासकांनी या सगळ्या पद्धतीलाच आव्हान दिले. जुनी आणि नवी हिब्रू या एकामागून एक आलेल्या अवस्था नसून शेजारी नांदणाऱ्या शैली होत्या, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा एक भक्कम पुरावा कुमरानचाच आहे. बायबलमधल्या हबक्कूक या पुस्तकावरच्या तिथल्या भाष्यात रोमनांकडे उघड संकेत आहेत, म्हणजे ते नक्कीच उशिराचे. तरी त्यात उत्तरकालीन चिन्हे विरळ आहेत. याला उत्तर देणे सोपे नाही. तरीही माझा कल हुर्विट्झ यांच्याकडे आहे, एका दुरुस्तीसह. चिन्हे दाट असतील तर मजकूर उशिराचा म्हणता येतो. विरळ असतील तर तो जुना आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण जाणता लेखक जुनी शैली हुबेहूब उचलू शकतो. आणि शतक ठरवण्याइतकी बारीक मापपट्टी या भाषेत नाहीच.

संगणकाने वेगळीच वाट धरली. २०११ मध्ये मोशे कोपेल, नवोत अकिव्हा, इदान दर्शोविट्झ आणि नाखूम दर्शोविट्झ यांनी समानार्थी शब्दांच्या निवडीवरून लेखक वेगळे काढण्याची पद्धत मांडली. समानार्थी जोड्या ठरवताना एका जुन्या इंग्रजी भाषांतराची मदत घेतली: दोन हिब्रू शब्दांसाठी तिथे एकच शब्द असेल तर ते समानार्थी. यिर्मया आणि यहेज्केल मुद्दाम मिसळून दिले, तेव्हा पद्धतीने ते पुन्हा जवळजवळ अचूक वेगळे केले. मग पहिली पाच पुस्तके दिली. त्यांतला याजकीय थर (अभ्यासक जो याजकांनी, म्हणजे पुरोहितांनी लिहिलेला मानतात) आणि उरलेला मजकूर यांची तिने केलेली विभागणी, अभ्यासकांचे जिथे एकमत आहे अशा ९० टक्क्यांहून अधिक ओव्यांत त्यांच्याशी जुळली. दोन हात वेगळे आहेत एवढे यातून कळते. कोणता हात आधीचा, हा प्रश्न मात्र पुन्हा ‘शेश’ आणि ‘बूत्स’सारख्या जोड्यांकडे, खापरांकडे आणि पपायरसांकडेच परत येतो.